मोडीवाचनाचं ऑनलाइन दुकान : बडोद्यातल्या कामाच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२३, रविवार

आजपासून ब्लॉगची वही वेगळी आणि हिशेबही वेगळा. आतापर्यंत सगळं हौसेचं होतं. सासऱ्यांच्या ट्रंकेतले मोडी, म्हणजे जुन्या धावत्या मराठी लिपीतले, कागद वाचायचे, बाळबोधीत (देवनागरीत) उतरवायचे, खाली चार ओळींचं टिपण टाकायचं. वाचणारे जमले, कौतुक झालं, पैसा एक नाही. आता दहावीच्या शिकवण्या हळूहळू कमी करून हेच काम धंदा म्हणून करून बघायचंय. मुदत २०२५च्या मार्चपर्यंत. तोवर यातून शिकवण्यांइतकं सुटलं नाही तर पुन्हा भूमिती.

भाच्याने गूगलच्या सर्च कन्सोलमधून वाचकांचे आकडे काढून दिले. सगळ्यात जास्त वाचला जातो तो लक्ष्मी विलास राजवाड्यावरचा लेख. मेजर मांटचा आराखडा, तो गेल्यावर चिझमने काम पुरं केलं, १८९० साल, वगैरे. हे कुणीही लिहील, आणि लिहिलेलंच आहे. यादीच्या तळाशी ‘जुन्या खरेदीखताचा मायना कसा असतो’. त्याला वाचक मूठभर. पण माझ्या टपालात ‘आमच्याकडे एक कागद आहे, वाचून द्याल का’ अशी जी पत्रं आहेत, ती जवळजवळ सगळी या तळाच्या लेखावरून आलेली.

भाचा म्हणाला, “आत्या, राजवाडा चालतोय, राजवाड्यावरच लिही.” राजवाडा बघायला आलेला माणूस बघून घरी जातो. कागद घेऊन आलेल्याचं काहीतरी अडलेलं असतं. मी मायन्याच्या बाजूने.

२७ ऑक्टोबर २०२३

नवरात्रात बडोद्यात रात्रीचं काम होत नाही, झालंच तर गरब्याच्या ठेक्यावर होतं. दसरा उरकला, आता बसले.

स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला, शेवटी .इन. देवनागरीतला .भारत २०१४पासून मिळतो आणि मोडीच्या कामाला शोभलाही असता. पण फोनवर सांगताना लोक अडखळतात, आणि त्यावरचा ईमेल पत्ता कित्येक फॉर्म घेतच नाहीत. वर्डप्रेसवर जायची घाई नाही. ब्लॉगरला आपलं नाव जोडता येतं, जुने पत्ते आपोआप नव्याकडे वळतात, होस्टिंगचा खर्च शून्य.

रोमन अक्षरांत लिपीचं नाव शोधलं की पंतप्रधान पुढे येतात. तेव्हा मथळ्यात नुसतं ‘मोडी’ कधीच ठेवायचं नाही. ‘मोडी लिपी’, ‘मोडी दस्त’, ‘मोडी कागद’, असं पुरतं नाव, देवनागरीत.

२२ नोव्हेंबर २०२३

अ‍ॅडसेन्स, म्हणजे गूगलच्या जाहिराती, सुरू. दहा डॉलर जमल्यावर पत्ता पडताळायला पिन पोस्टाने घरी येतो, शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. मराठी मजकुराला जाहिरातीचा भाव इंग्रजीच्या मानाने फार कमी, त्यामुळे शंभरापर्यंतची चाल गोगलगायीची. जाहिराती फक्त राजवाडा वगैरे लेखांवर ठेवल्यात. दस्तांच्या लेखांवरून काढल्या. तिथे माणूस आपल्या आजोबांच्या सहीकडे डोळे लावून बसलेला असतो, मध्येच गुडघेदुखीचं तेल नको.

टपाल अचानक वाढलंय, आणि त्याचं कारण मी नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबरात न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत. तेव्हापासून बीड, जालना, सोलापूरकडून रोज फोटो येतायत. लोकांची निकड खरी आहे, म्हणूनच आधी स्पष्ट लिहून ठेवायला हवं. आज एक पान केलं, तीन गोष्टींचं. मी कागदात जे आहे तेच वाचते, हवं ते शोधून देत नाही. माझं लिप्यंतर सरकारी प्रमाणित प्रत नव्हे, ती लागणार असेल तर पुराभिलेखागारात किंवा कचेरीने सांगितलेल्या वाचकाकडे जा. आणि अक्षर लागलं नाही तिथे मी चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह घालते, अंदाज घालत नाही.

या पानामुळे निम्मे लोक परत गेले. उरले ते पैसे द्यायला तयार होते.

१८ जानेवारी २०२४

उत्तरायण आटोपलं. दोन दिवस अख्खं शहर गच्चीवर, मांज्याने कापलेल्या बोटांनी बोरू धरवत नाही.

पहिला वर्ग सुरू होतोय, आठ रविवार, फी १,८००. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटांनी दार बंद होतं, गूगल मीटवर तासभर मिळतो, म्हणून मीट. तास पुरतोही. त्यापुढे लोकांचे डोळे शिणतात.

शिकवण्याचा क्रम उलटा ठेवलाय. बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तकं मुळाक्षरांपासून चालतात. मी पहिल्याच दिवशी एक खरं पत्र समोर ठेवणार आणि फक्त मायना वाचायला लावणार. राजश्री, मुक्काम, तारीख, सेवेसी. ठरलेल्या जागी ठरलेले शब्द येतात, त्यामुळे माणूस अक्षर न ओळखताही शब्द ओळखतो, आणि मग त्या शब्दांतून अक्षरं सुटी होतात. मोडीत शब्द तोडून लिहायची रीत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. नुसती मुळाक्षरं पाठ करून आलेला माणूस पहिल्या ओळीलाच गळाठतो.

१२ फेब्रुवारी २०२४

कालच्या वर्गातला प्रसंग टिपून ठेवते, कारण त्यातून पुढचं काम निघालं.

समोर पत्र होतं, त्यात ‘मु॥ बडोदे’. कोल्हापूरचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, सगळ्यांत चौकस. त्यांनी विचारलं, “बाई, हे अर्धं कसलं?” त्यांचं बरोबरच होतं. गेल्या रविवारी मी त्यांना जमाखर्चाचं पान दिलं होतं, तिथे आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५॥ म्हणजे साडेपाच, १२॥। म्हणजे पावणेतेरा. आणि इथे तेच दोन दंड शब्दापुढे आले की शब्द आखडून लिहिलाय एवढीच खूण. मु॥ मुक्काम, रा॥ राजश्री. मग मी दोन्ही पानं शेजारी ठेवली. आकड्याला चिकटलेले दंड आणि अक्षराला चिकटलेले दंड. बँकवाल्यांनी लगेच बेरीज करून दाखवली आणि पानाखालच्या एकूण रकमेशी ताळा जमला. वर्गात टाळ्या.

या एवढ्याच मुद्द्यावर छोटा व्हिडिओ करून सगळ्यांसाठी खुला टाकते. पूर्ण वर्ग रेकॉर्ड करून विकायचा विचार सध्या बाजूला. लोक ताळा जमण्यासाठी येतात, आणि तो समोरासमोरच जमतो.

२५ फेब्रुवारी २०२४

रावपुऱ्यातल्या सीएंकडे बसले. धंदा करायचा म्हणजे हे आलंच, आणि त्यांनी तासाभरात माझा एक बेत मोडला ते बरं झालं.

बेत असा होता: वर्गासाठी सराववही छापायची, आखलेल्या ओळी, वर नमुना अक्षर, आणि महाराष्ट्रभर पोस्टाने पाठवायची. सीए म्हणाले, सेवा द्यायची तर वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी नको, विद्यार्थी पुण्यात असला तरी नको. पण वस्तू परराज्यात विकायची तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. छापील पुस्तक करमुक्त आहे. सराववही मात्र वह्यांच्या गटात जाते, तिला २०२४ साली १२ टक्के. म्हणजे मी तीच अक्षरं पुस्तकात छापली तर एक नियम, वहीत छापली तर दुसरा, आणि विवरणपत्रं भरत राहायचा ताप वेगळा.

वही पीडीएफमध्ये द्यायची ठरली. ज्याने त्याने आपल्या गल्लीत छापून घ्यावी. नमुना अक्षरं मी हाताने लिहिणार, कापलेल्या टाकाने. मोडीला २०१४पासून युनिकोडमध्ये जागा आहे, फाँटही मिळतात, पण फाँटमधलं अक्षर सुटं आणि शहाण्यासारखं उभं असतं. कागदावरची मोडी धावते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, स्वतःच केली. फुकट असते, आधार आणि पॅनवर होते, त्यासाठी एजंटला पैसे देणाऱ्यांची मला कमाल वाटते. त्यावर चालू खातं. देशातल्यांसाठी यूपीआयचा क्यूआर, कारण पेमेंट गेटवे साधारण दोन टक्के घेतो आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा. गेटवे फक्त परदेशातल्या विद्यार्थ्यांपुरता.

१४ मार्च २०२४

फोटोंचा नियम पानाच्या अगदी वर टाकला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फोटो म्हणून पाठवला की तो आवळला जातो आणि बारीक वेलांट्या पुसट होतात. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की जसाच्या तसा येतो. खिडकीशी, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद, कागद सपाट, चारही कडा दिसल्या पाहिजेत. मागची बाजूही हवी, कारण पोचल्याची नोंद आणि शेरे तिथे असतात. या सूचनेने माझं जितकं काम वाचलं तितकं कुठल्याही सॉफ्टवेअरने वाचवलेलं नाही.

२९ एप्रिल २०२४

काल नवसारीकडचे एक गृहस्थ घरी आले. आंब्याचा व्यापार. फोनवर आधी विचारून घेतलं होतं, “बेन, तमे मोडी वांचो छो ने?” पिशवीतून कापडात गुंडाळलेली सनद काढली. गायकवाडी कागद, शिक्का अर्धा गेलेला. त्यांनी तो आधी पुण्यात कुणाकडून वाचून घेतला होता. वाचन चोख होतं, मी पडताळून पाहिलं. पण ते होतं मराठीत, तेही दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठीत. ते म्हणाले, “पहेलां एक ताळुं हतुं, हवे बे छे.” आधी एक कुलूप होतं, आता दोन आहेत.

मी ओटीवरच वाचायला बसले. तारीख अरबी शब्दांत: इहिदे अशर मयातैन व अलफ. एक, दहा, दोनशे, हजार. सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरातली जुनी कालगणना, १२११, त्यात ५९९ मिळवले की १८१०, आणि हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालतं म्हणून १८१०-११. आनंदराव गायकवाड महाराजांचा काळ. पुढे मौजे अमुक, इतके बिघे, इतके रुपये बाबाशाही, म्हणजे बडोद्याचं जुनं नाणं. बाबाशाही ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला, आजी हा शब्द वापरायची म्हणाले. मग सगळं गुजरातीत, त्यांच्या वकिलाला कळेल असं उतरवून दिलं. मूळ ओळ, बाळबोध वाचन, गुजराती अर्थ, एकाखाली एक. वर ठळक: प्रमाणित प्रत नव्हे.

ते गेल्यावर नकाशा काढून बसले. बडोदे संस्थान म्हणजे नुसतं बडोदे कुठे होतं? कडी, नवसारी, अमरेली, ओखामंडळ, सगळे प्रांत तुटक तुटक, आजच्या मेहसाण्यापासून द्वारकेपर्यंत. त्या गावांतल्या गुजराती घरांत मोडी कागद पडलेत आणि घरात कुणाला मराठीही येत नाही. पुण्यात मोडी वाचणारे गल्लीगल्लीत आहेत, माझ्याहून तयारीचे. पण वाचून सरळ गुजरातीत लिहून देणारा मला तरी ठाऊक नाही. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढले, घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती. इतकी वर्षं महाराष्ट्राकडे तोंड करून लिहीत होते.

दुकान इथे लावायचं.

१६ जून २०२४

गुजराती पानं तयार झाली. फक्त चार: सनद, खरेदीखत, गहाणखत, महसुलाची पावती. प्रत्येकात एका खऱ्या कागदाचा तुकडा, मालकाची लेखी परवानगी घेऊन, नावं आणि शेताची खूण झाकून. लोकांच्या जमिनीच्या भानगडी जगापुढे मांडायच्या नसतात.

दराचं डोकं लावलं. पानाला दर ठेवला तर लोक सबंध दस्त एका पानात बसवून पाठवतात. तासाला ठेवला तर गिऱ्हाइकाला भरवसा वाटत नाही, “केटला कलाक थशे”, किती तास लागतील, यावरच घासाघीस. ओळीला दर सगळ्यांत सरळ. मोडीची शिरोरेघ आधीच पानभर ओढलेली असते, ओळी फोटोत कुणालाही मोजता येतात, वाद नाही. मोडी ते मराठी ओळीला ३० रुपये, मोडी ते गुजराती ४५. पहिल्या दोन ओळी फुकट. त्यात तारीख, गाव आणि कागदाचा प्रकार कळतो, आणि पुढचं वाचून घ्यायचं की नाही ते गिऱ्हाईक ठरवतं. निम्मे पैसे आधी.

जमाखर्चाची पानं या दरात बसत नाहीत, ओळीत चार शब्द आणि आठ आकडे. त्यांचा भाव कागद बघून.

३ सप्टेंबर २०२४

ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. आमची आळी वाचली, पण अकोटा आणि समाकडे ओळखीच्यांच्या घरांत तळमजले पाण्यात. गेला आठवडा वाचनाचं काम बंद, कारण फोन एकाच गोष्टीसाठी: कागद भिजले, काय करू?

बसल्या बैठकीला पान लिहून टाकलं, मराठी आणि गुजराती. भिजलेला गठ्ठा सुटा करायच्या फंदात पडू नका, ओली पानं फाटतात. उन्हात घालू नका, इस्त्री तर नकोच. शाईवरून फडकं फिरवू नका. गठ्ठा आहे तसा टिपकागदाच्या किंवा कोऱ्या कागदाच्या थरांत ठेवा, थर बदलत राहा, पंख्याची झुळूक लांबून. फारच मोठा गठ्ठा असेल आणि दोन दिवसांत हात लागणार नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. थंडीत बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. छापील वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत २५६ जण, आणि ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. तरी हे पान त्या यादीबाहेर फार लांब गेलं, लोकांनी आपापल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकलं. यावर जाहिरात नाही, दरपत्रकही नाही. सासूबाई म्हणाल्या, गणपती तोंडावर आलेत आणि ही लोकांचे कागद वाळवतेय.

७ ऑक्टोबर २०२४

परवा, ३ तारखेला, मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. संकेतस्थळावर गर्दी, बहुतेक राजवाडा आणि सयाजीराव. वर्गाच्या चौकशा चार-दोन जास्त. कामाच्या मागण्या होत्या तेवढ्याच. आनंद आहे, पण वहीत या ओळीपुढे आकडा नाही.

भिजल्या कागदांच्या पानावरून मात्र हळूहळू माणसं येतायत. ज्यांनी कागद वाळवले त्यांनी ते वाळवताना पहिल्यांदाच नीट पाहिले, आणि आता त्यांना आत काय आहे ते हवंय.

१९ जानेवारी २०२५

मागच्या नऊ महिन्यांचा हिशेब मांडला. ढोबळमानाने: दहा रुपयांतले सहा गुजराती वाचनाचे, तीन वर्गाचे, उरलेल्या एकात मराठी वाचन, सराववहीची पीडीएफ आणि जाहिराती. वाचकसंख्येत हे चित्र नेमकं उलटं आहे. गुजराती पानं यादीच्या तळाशीच आहेत आणि तिथेच राहतील, मेहसाण्यात रोज कितीशा लोकांना सनद सापडणार?

जाहिराती काढून टाकल्या. भाचा हळहळला. मध्यंतरी एका पेनवाल्या कंपनीने पैसे घेऊन कौतुक लिहा म्हणून विचारलं होतं. ‘जाहिरात’ अशी पाटी वर लावून लिहीन म्हटलं, तसा नियमच आहे, तर त्यांचा उत्साह मावळला.

कोल्हापूरच्या बँकवाल्यांना कामात घेतलं. कच्चं बाळबोध वाचन ते करणार, ओळीला १२ रुपये, मी तपासून गुजराती करणार. जमाखर्चात ते माझ्यापुढे गेलेत. आकडा लागला नाही की खालून बेरीज करत वर येतात.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

मुदत संपली. शिकवण्यांची एकच तुकडी ठेवली होती, तीही बोर्डाच्या परीक्षेबरोबर सुटली. नवीन घेत नाही. दर महिन्याला सारखं उत्पन्न नाही, लग्नसराईत आणि पावसात ओढाताण होते, म्हणून तीन महिन्यांचा घरखर्च चालू खात्यातून काढून वेगळा टाकलाय.

१ एप्रिलपासून दर: गुजराती ५५, मराठी ३० तसाच. मराठीत पुण्याशी स्पर्धा करायची नाही, आणि तिकडचे वाचक चांगले आहेत, फार गुंतागुंतीची मराठी कामं मी त्यांच्याकडेच पाठवते. मुदत तीन आठवडे, घाईचं काम घेणार नाही.

बुधवारी अमरेलीहून एक गाठोडं येतंय, महसुलाच्या वह्या म्हणे. आल्या आल्या फोटो काढून कोल्हापूरला पाठवायचे, मूळ वह्या पोचपावती लिहून त्याच माणसाच्या हाती परत. घरात दुसऱ्याचे कागद रात्रभर ठेवायचे नाहीत.